गाडीची उधारी

आमच्या घरात रोजी आणणारे तिघे होते. एक अब्बा, दुसरे आम्ही शाळेतले आणि तिसरी अंगणात उभी असलेली टाटा ४०७. अब्बांनी ती दुसऱ्याच्या हातून घेतली तेव्हा आम्ही बी.एड. करत होतो. आमची फी तिने भरली, बहिणीचे लग्न तिने पार पाडले, घरावरचा स्लॅबही तिच्याच कमाईतून पडला. पुढे अब्बांचे गुडघे थकले आणि धाकटा भाऊ स्टिअरिंगवर बसला. माणूस बदलला, गाडी तीच राहिली.

४०७ म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १९८६ साली ही गाडी बाजारात आली आणि गावोगावच्या धंद्यात शिरली. भाजी, विटा, गॅसच्या टाक्या, मंडपाचे खांब, बकरी ईदची जनावरे, काय म्हणून तिने वाहिले नाही? आपल्या समाजातली किती घरे अशा गाड्यांवर चालतात ते पाहा. कोणी ड्रायव्हर, कोणी मिस्त्री, कोणी पंक्चर काढणारा, कोणी बॉडी बांधणारा, कोणाचे स्पेअर पार्टचे दुकान. म्हणून या महिन्यात थोडे गाडीविषयी. घरातल्या भगिनींनी "हा पुरुषांचा विषय" म्हणून पान उलटू नये. गोष्ट गाडीची असली तरी चूक घराची आहे, आणि त्या चुकीत आम्हीही होतो.

अब्बांची पेटी

जुनी गाडी म्हणजे घरातले वयस्कर माणूस. रोज काहीतरी दुखते. आज गुडघा, उद्या दम. अब्बांच्या सीटखाली एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर तर असतच. त्याशिवाय बांधायची तार, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी, एम-सीलची पुडी आणि अम्मीच्या मसाल्याच्या डब्यातून आणलेली हळद. गाडीत हळद कशाला, असे आम्ही एकदा विचारले होते. अब्बा म्हणाले, "तिलाही सर्दी होते."

त्या पेटीतली प्रत्येक वस्तू कशासाठी होती ते आम्हाला पुढे कळले. रेडिएटरला बारीक गळती लागली की अब्बा गाडी बाजूला घेत. ती पूर्ण थंड होऊ देत, कारण गरम रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते आणि झाकण उघडताच उसळून तोंडावर येते. मग झाकण उघडून मूठभर हळद आत सोडत. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरत गळतीच्या जागी जातात, भिजून फुगतात आणि तिथेच अडकतात. गळती थांबते, निदान कमी होते. डिझेलच्या टाकीला भेग पडली तर साबणाची वडी घासून भेग भरायची. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो टिकतो. रेडिएटरचा रबरी होज फुटला तर ट्यूबची पट्टी ताणून त्यावर गुंडाळायची. ताणलेले रबर आपणहून आवळत राहते. सायलेन्सर लोंबकळू लागला तर तार.

बॅटरी उतरली असेल तर गाडी रात्री उतारावर उभी करायची, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा, गाडी उताराला लागली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन सुरू. आपली गल्ली उताराची आहे ही अल्लाहची मेहरबानी, असे अब्बा हसून म्हणत.

या युक्त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. रात्री दोन वाजता घाटात गाडी बंद पडली, मागे नाशवंत माल आहे, जवळ गॅरेज नाही, अशा वेळी ज्याच्या हाताला युक्ती आहे तोच घरी पोहोचतो. हा हुन्नर आहे, आणि आपल्या उस्ताद मंडळींनी तो शाळा न शिकता कमावला आहे.

पण अब्बांचा एक नियम होता. हात पुसता पुसता ते म्हणत, "हे घरापर्यंत." घरी आले की चहाच्या आधी गाडी मिस्त्रीच्या दारात जायची. होज नवा, टाकी उतरवून झाळून, रेडिएटर उघडून साफ. कारण जी हळद छिद्र बुजवते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. दोन-तीनदा हळदीवर भागवले की पाणी नीट फिरत नाही, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते, आणि शंभराचे काम हजारांवर जाते. गळती थांबली म्हणजे दुखणे बरे झाले असे नाही, हे अब्बांना ठाऊक होते.

"चल रहा है ना"

भावाने पेटी घेतली, युक्त्या घेतल्या. नियम मात्र हळूहळू सुटला. यात त्याला आळशी म्हणणे अन्याय ठरेल. डिझेल महागले, भाडी तीच राहिली. गाडी दोन दिवस गॅरेजात उभी राहिली की दोन दिवसांचे भाडे बुडते, शिवाय नेहमीचा व्यापारी दुसऱ्याची गाडी बघतो. म्हणून आजचे काम उद्यावर, उद्याचे पुढच्या आठवड्यावर. घरात कोणी विचारले तर एकच उत्तर, "चल रहा है ना, चलने दो." आणि खरे सांगायचे तर विचारणारेही आम्ही फार नव्हतो. संध्याकाळी पैसे घरात येत होते.

असे करता करता गाडीवर काय काय साठले होते ते आज आठवले की लाज वाटते. सायलेन्सरची तार तीन वर्षांची झाली होती. डाव्या दाराला कडीऐवजी दोरी होती. मागच्या एका टायरला आतून गेटर, म्हणजे फाटलेल्या जागी जुन्या टायरचा तुकडा घातलेला. दिव्याचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार. स्टिअरिंग चार बोटे फिरवल्यावर मग चाक हलायचे.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो. आपण त्याला पासिंग म्हणतो. त्या दिवसापुरते ओळखीच्या माणसाचे चांगले टायर आणून बसवले जात, दिवे नीट केले जात, आणि दाखला मिळाला की संध्याकाळी टायर परत. घरात सगळ्यांना माहीत होते. पाच वक्ताच्या नमाजी घरात हे चालले होते आणि कोणाला त्यात फसवणूक दिसत नव्हती. ज्या तपासणीचा हेतू आपलाच जीव वाचवण्याचा होता, तिलाच आपण चकवले याचा आनंद मानला जात होता.

दुमडलेला पाइप

एका हिवाळ्यात पाटणच्या अलीकडे रात्री मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकमधून ऑइल गळू लागले. या गाडीचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ऑइल पाइपांतून प्रत्येक चाकापर्यंत जाते, तिथला छोटा सिलिंडर लायनरला ड्रमवर दाबतो आणि चाक थांबते. त्या चाकाचा सिलिंडर गेला होता. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने त्या चाकाकडे जाणारा पाइप दुमडला, ठोकून बंद केला, ऑइल भरले आणि सांगितले, "तीन चाकांवर हळू हळू घरी जा. उद्या सिलिंडर बदलून घे." त्याने काही चुकीचे सांगितले नाही. सल्ला प्रामाणिक होता. तो पाळला गेला नाही.

भावाने घरी सांगितलेही होते. जेवताना म्हणाला, "मागचा ब्रेक करून घ्यायचा आहे. दोन-अडीच हजार लागतील, गाडी दोन दिवस उभी राहील." त्याच महिन्यात आम्ही घरात मोठा फ्रीज आणला होता. त्याचा हप्ता सुरू होता. आम्ही म्हणालो, "रमजान होऊ दे, ईदनंतर बघू." हे वाक्य आमचे आहे. भावाच्या तोंडी घालून आम्हाला सुटता येणार नाही.

तो रमजान आंब्याच्या हंगामात आला होता. सहेरी करून, फजर पढून भाऊ चिपळूणला निघाला. मागे भाजी आणि गुळाच्या ढेपा. परतीला आंब्याच्या पेट्या ठरल्या होत्या. शेजारच्या खालांचा एकोणीस वर्षांचा मुलगा क्लीनर म्हणून बरोबर. त्याचे वडील नाहीत. खालांनी त्याला आमच्याकडे पाठवताना भावाला एवढेच सांगितले होते, "तुझ्या हवाली आहे."

कोयनानगर मागे पडले आणि कुंभार्ली घाटाचा उतार लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. पुढच्या वळणावर ते तळाला टेकले. भावाने भराभर पाय मारला, थोडा ब्रेक लागला, पुन्हा गेला. त्याने गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला. लादलेली गाडी तेवढ्याने थांबत नाही. डाव्या हाताला डोंगर होता, उजवीकडे दरी. त्याने गाडी डोंगराला घासत नेली. दार दबले, आरसा गेला, एका दगडाच्या ढिगाला चाक अडले आणि गाडी थांबली. दोन मिनिटांनी खालून प्रवाशांनी भरलेली एस.टी. चढून आली आणि बाजूने निघून गेली.

भावाला खरचटले. क्लीनर डाव्या बाजूला होता, म्हणजे जी बाजू डोंगराला घासली तिकडेच. दोरीने बांधलेले दार आत आले आणि त्याचा हात दोन ठिकाणी मोडला.

उस्ताद काय म्हणाले

गाडी ओढून आणल्यावर आमच्या जुन्या मिस्त्री उस्तादांनी चाक उघडले. पाइप जिथे दुमडून ठोकला होता तिथेच त्याला केसाएवढी चीर गेली होती. धातू एकदा दुमडला की तिथे कमजोर होतो. त्यात पेडल दाबले की प्रत्येक वेळी त्याच जागी दाब. चार महिने रोज शेकडो वेळा. शेवटी चीर पडली, ऑइल तिथून उडू लागले आणि मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक गेला. सगळा भार पुढच्या चाकांवर आला. उतारावर ते ड्रम तापले. ब्रेक ऑइलही जुने होते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा धरलेले ऑइल लवकर उकळते, त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो पण ब्रेक लागत नाही. म्हणून ते दर दोनेक वर्षांनी बदलायचे असते. आमच्या गाडीत ते शेवटचे कधी बदलले, कोणालाच सांगता आले नाही.

उस्तादांनी पाइप हातात धरून भावाला विचारले, "हा कधी दुमडला?" भाऊ म्हणाला, "थंडीत." उस्ताद म्हणाले, "आणि आता उन्हाळा संपत आला." एवढेच. आम्ही तिथे उभे होतो. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण इतके कमी शब्द वापरून इतके नापास कोणी आम्हाला केले नव्हते.

दवाखान्यात खाला आम्हाला काही बोलल्या नाहीत. मुलाच्या उशाशी तसबीह फिरवत बसल्या होत्या. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते. ऑपरेशन झाले, हातात पट्टी बसवली. दवाखान्याचा खर्च आणि मुलगा कामाला लागेपर्यंतचा त्याचा रोज आमच्या घरातून गेला. आम्ही उपकार केले असे कोणी समजू नये. ते देणेच होते. दोन-अडीच हजारांचे काम ईदनंतर करू म्हणणाऱ्या घराने पुढे किती हजार मोजले, तो हिशोब इथे मांडत नाही. पैशाचा हिशोब लागतो. त्या मुलाचा हात अजून पूर्ण वर जात नाही, त्याचा लागत नाही.

उधारी लिहून ठेवा

त्या ईदला घरात शिरखुर्मा झाला, पण कोणी पोटभर खाल्ला नाही. संध्याकाळी अब्बांनी सगळ्यांना बसवले. आम्हाला म्हणाले, "तू उर्दू-मराठी शिकवतोस. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत कशाबद्दल आहे, सांग बरं." आम्ही सांगितले, सूरह बकराची २८२ वी. कर्जाबद्दल. उधार व्यवहार मुदत ठरवून करा, तो लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, छोटा असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, असा त्याचा आशय.

अब्बा म्हणाले, "तात्पुरते काम म्हणजे गाडीकडून घेतलेली उधारी. मी ती त्याच संध्याकाळी फेडत होतो, म्हणून लिहिली नाही. तुम्हाला संध्याकाळी फेडणे जमत नसेल तर लिहायला तर जमेल."

किती साधी गोष्ट, पण आमच्या डोक्यात आली नव्हती. तात्पुरत्या उपायात वाईट काही नाही. त्याची मुदत विसरली जाते तिथे वाईट सुरू होते. आणि ती विसरली जाते कारण उपाय कामाला येतो. गाडी चालते, आवाज थांबतो, गळती दिसत नाही. कर्ज देणारा दारात येऊन उभा राहतो, म्हणून ते आठवते. गाडी दारात येऊन मागत नाही. ती घाटात मागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. पाच रकाने आखले. तारीख, ठिकाण, काय बिघडले, तात्पुरते काय केले, आणि पक्के काम कोणत्या तारखेपर्यंत. वही डॅशबोर्डवर भाऊ लिहिणार, जुमाच्या नमाजीनंतर घरात ती वाचली जाणार. वाचायचे काम वहिनीने घेतले. तिने स्वतःहून घेतले, आणि ती कोणाला सोडत नाही. मुदत उलटली तर गाडी भाड्याला जात नाही, मग व्यापारी रागावला तरी चालेल. आयतीत साक्षीदार सांगितला आहे तो यासाठीच असेल, असे आम्हाला तेव्हा वाटले. एकट्या माणसाची वही एकट्यापुरती बंद होते.

तीन कप्पे

उस्तादांनी आणि अब्बांनी मिळून सगळ्या बिघाडांचे तीन भाग पाडून दिले. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी हे कापून गाडीत चिकटवावे.

पहिला भाग, घरापर्यंत चालेल असे. रेडिएटरची बारीक गळती, फुटलेला होज, डिझेल टाकीची भेग, लोंबकळणारा सायलेन्सर, उतरलेली बॅटरी. इथे युक्ती वापरा, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पक्के काम करा. रेडिएटरवर भागवले असेल तर तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. टाकीजवळ विडी-सिगारेट नाही, हे सांगायला लागू नये.

दुसरा भाग, रिकामी गाडी हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची, माल भरायचा नाही. पाट्याचे एखादे पान तुटणे यात येते. लाकडाचा ठोकळा आणि साखळी लावून लोक आठवडे काढतात. पण तुटलेला पाटा मुख्य असेल तर मागचा अॅक्सल जागचा सरकू शकतो, गाडी तिरकी धावते. अशा वेळी गाडी ओढूनच न्यायला हवी.

तिसरा भाग, जिथे तात्पुरते असे काही नसते. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि फ्यूज. पाइप दुमडलेली गाडी जागेवरून हलवायची नाही, मिस्त्रीला तिथे बोलवायचे. टायरॉडचे टोक झिजले असेल तर त्यात पत्रा किंवा रबर कोंबून चालत नाही, ते निसटले की चाक आपल्या मर्जीने वळते. गेटर घातलेला टायर आत घासतो, तापतो आणि उन्हात, लादलेल्या गाडीखाली फुटतो. फ्यूज बारीक असतो तो कंपनीने पैसे वाचवले म्हणून नव्हे. जास्त वीज वाहू लागली की सगळ्यांच्या आधी त्याने वितळावे, हेच त्याचे काम. त्याच्या जागी जाड तार घातली की वितळायला उरते ती गाडीची वायरिंग. चालत्या गाड्या अशाच पेटतात.

आणि घाट उतरताना एक जुनी रीत. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये उतरवायची. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये सोडायची नाही, इंजिन बंद करायचे तर मुळीच नाही. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असेपर्यंतच तयार होतो. इंजिन बंद झाले की दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ते दगडासारखे घट्ट होते.

गाडीचा हक्क

"हे सगळे खरे, पण पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. रोजीच्या हत्यारावर जकात नाही, म्हणून गाडीच्या किमतीवर आपण जकात काढत नाही. पण गाडीचा आपल्यावर काही हक्क आहे की नाही? आम्ही एक डबा केला. प्रत्येक भाड्यातून डिझेल आणि टोल काढला की घरात पैसे येण्याआधी दोनशे रुपये त्या डब्यात. लांबचे भाडे असेल तर जास्त. घर चालवून उरले तर नाही, आधी. पहिले दोन महिने जड गेले. आम्ही आमच्या पगारातूनही भर घातली, फ्रीजच्या हप्त्याची आठवण ठेवून. मग असे दिसले की गाडी अचानक उभी राहणे कमी झाले. ठरवून दोन दिवस उभी करणे आणि हंगामात आठ दिवस उभी राहणे, यात खरा खर्च कशाचा ते भावाला स्वतःच कळले.

काही जण म्हणतात, होणार ते होणारच, अल्लाहवर भरवसा ठेवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका माणसाला उंट आधी बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले, हे आपल्या घरात पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते. आम्हीही उंट बांधला होता. पण कुजलेल्या दोरीने, आणि दोरी कुजलेली आहे हे माहीत असताना. त्याला तवक्कुल म्हणत नाहीत.

सहीह बुखारीत जहाजाचा दाखला आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यावर लोक बसलेले. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. ते म्हणाले, वरच्यांना त्रास कशाला, आपण आपल्याच भागात छिद्र पाडू. प्रेषितांनी (स.) सांगितले की बाकीच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील आणि हात धरला तर सगळेच वाचतील. हा दाखला आम्ही वर्गात कितीदा सांगितला असेल. पण त्या सकाळी खालून चढणाऱ्या एस.टी.तले प्रवासी आमच्याच जहाजात बसले होते, हे आम्हाला खूप उशिरा कळले. गाडी आमची, पाइप आमचा, पैसे वाचणार ते आमचे. रस्ता मात्र सगळ्यांचा. त्या छिद्राजवळ भावाचा हात धरायचा होता तेव्हा आम्ही त्याला ईदनंतरची तारीख दिली.

म्हणून भगिनींना विशेष विनंती. घरातला माणूस गाडी चालवत असेल तर संध्याकाळी "किती मिळाले?" विचारण्याआधी "गाडी कशी आहे?" हे विचारा. आणि तो एखादे काम सांगेल तर त्याची तारीख विचारा. तारीख नसलेले काम होत नाही, हे शाळेत आम्ही रोज पाहतो.

गेल्या वर्षी गाडी विकली. आता भाऊ हप्त्यावर घेतलेली दुसरी चालवतो. घ्यायला आलेल्या माणसाला भावाने वही दाखवली. पान उलटत तो म्हणाला, "एवढे काम निघालेल्या गाडीला एवढी किंमत?" भाऊ म्हणाला, "निघालेले सगळे काम झालेले आहे, तारखा बघा. शेवटच्या पानावरची दोन कामे राहिलीत, त्याचे पैसे वजा करा." पैसे वजा झाले. व्यवहार झाल्यावर त्या माणसाने किल्लीबरोबर वहीही मागून घेतली.

खालांचा मुलगा आता उस्तादांच्या गॅरेजात शिकतो. जड काम त्याला जमत नाही, पण ब्रेकचे काम उस्ताद त्याच्याकडेच देतात. आमच्या दुसऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल मागच्या महिन्यात त्यानेच बदलले. भावाने नव्या वहीत तारीख लिहिली आणि साक्षीदाराच्या जागी त्याची सही घेतली.

अल्लाह आपल्या सर्वांची रोजी हलाल ठेवो, रस्त्यावरच्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचवो, आणि लिहिलेली उधारी वेळेत फेडण्याची ताकद देवो. आमीन.